टेकडीवरचं शूट आणि घरचा फोटोग्राफर

मा. संपादक,

स.न.वि.वि.

परवा तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्या एका काकांचं पत्र आलं होतं. लग्नसराई सुरू झाली की सकाळ-संध्याकाळ ही प्री-वेडिंगवाली मंडळी वाट अडवून उभी असतात, रंगीत धूर सोडतात, आणि कुणी काही बोललं तर "काका दोनच मिनिटं" म्हणत वीस मिनिटं हलत नाहीत, असा एकूण सूर. काकांचं म्हणणं मला जवळजवळ सगळं पटलं. जे थोडं उरलं त्यासाठी हे पत्र लिहितेय, कारण येत्या शनिवारी त्याच वेताळ टेकडीवर मी स्वतः कॅमेरा घेऊन उभी असणारे.

मी काही फोटोग्राफर नाही. अकाउंट्समध्ये नोकरी करते, सुट्टीच्या दिवशी पाषाण तलावावर जाऊन पक्ष्यांचे फोटो काढते, तेही पक्षी ज्या मूडमध्ये असतील तसे. पण घरात "हिच्याकडे मोठा कॅमेरा आहे" एवढी ख्याती पुरते. आतेबहिणीचा साखरपुडा ठरला आणि आत्याने परस्पर जाहीर करून टाकलं की बाहेरच्या माणसाला कशाला एवढे पैसे द्यायचे, आपली पोरगी आहे की. आता आत्याला नाही म्हणायची आमच्या घरात कुणाची टाप नाही, माझ्या बाबांची तर नाहीच, ते धाकटे भाऊ. तर असे घरचे फोटोग्राफर पुण्यात गल्लोगल्ली आहेत, कुणाचा भाचा, कुणाची पुतणी, कुणाचा इंजिनीअरिंगला असलेला चुलतभाऊ, आणि टेकडीवर काकांना जे दिसतात त्यातले बरेचसे हेच असणार, असा माझा अंदाज आहे.

काका, ती वीस मिनिटं कशात जातात ते सांगते. जोडपं मेकअप करून तयार होऊन आलेलं असतं, सोबत करवली, एक मित्र पाण्याच्या बाटल्या सांभाळायला, आणि कॅमेरावाला तिथे पोचल्यावर आयुष्यात पहिल्यांदा इकडेतिकडे बघायला लागतो की ऊन कुठून येतंय, मागे काय दिसतंय, ह्यांना उभं कुठे करायचं. एक जागा करून बघतात तर मागे मोबाईलचा टॉवर, दुसरी बघतात तर नवरीच्या नाकावर फांदीची सावली, मग कॅमेऱ्यात काहीतरी बदलायचं असतं ते सापडत नाही, तोवर ऊन सरकतं की परत पहिल्यापासून. हे सगळं ज्याने आधी येऊन करून ठेवलंय त्याला वाटेत उभं राहायची वेळच येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बाहेरच्या शूटची तयारी ही जागेची आणि वेळेची तयारी असते, कॅमेऱ्याचा नंबर त्याच्या बराच नंतर लागतो, आणि हे घरच्या फोटोग्राफरला कुणी सांगतच नाही. सांगतात ते लेन्सबद्दल.

ऑफिसात नुसतं तोंडातून निघालं की शूट करायचंय, तर जो तो तज्ज्ञ. एक म्हणाला ८५ एमएमची लेन्स भाड्याने घे, दुसरा म्हणाला गिंबल (कॅमेरा हलू न देणारी दांडी) घे, तिसऱ्याच्या मते फुल फ्रेमशिवाय, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याशिवाय, त्यात मजाच नाही. माझा कॅमेरा कॅननचा १५००डी, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ ची लेन्स आणि नंतर बोनसमधून घेतलेली ५० एमएम एफ १.८ (एफचा आकडा जेवढा लहान तेवढी लेन्स जास्त उघडते), संपली यादी. ह्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्यामुळे ५० ची लेन्स ८० ची असल्यागत वागते, त्यामुळे चेहऱ्यांसाठी ती तशीही झकास. फोकसचे पॉइंट नऊ, त्यातला मधला काय तो भरवशाचा, म्हणून मधल्या पॉइंटने जवळच्या डोळ्यावर फोकस धरायचा आणि मग फ्रेम सरकवायची, हे घरी टीव्ही बघत बसलेल्या आजीवर करकरून हाताला बसवलंय. भाड्याची भारी लेन्स आणायला हरकत नाही, पण तिच्याशी आधी ओळख व्हायला हवी ना, आणि ती ओळख काय बहिणीच्या साखरपुड्याच्या फोटोंवर करून घ्यायची? ते पैसे मी एक जादा बॅटरी आणि एक जादा मेमरी कार्ड ह्यात घातले, आणि अप्पा बळवंत चौकातून पांढऱ्या फोमबोर्डाची मोठी शीट आणली, रिफ्लेक्टर म्हणून. करवलीला काहीतरी काम पाहिजेच असतं, ती धरेल.

जागेचं आता. पुण्यात कुणालाही विचारा, पहिलं नाव शनिवारवाडा. वाडा १७३२ मध्ये बांधून झाला, दिल्ली दरवाजा भव्य आहे, फोटोत येतोही भारी, पण एक गोष्ट कुणी बघत नाही की तो दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे, नावातच आहे खरं तर. थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेच्या अंगाला असतो, म्हणजे डिसेंबरात दरवाजाची दर्शनी बाजू सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावलीत. चेहऱ्यांवर उजेड मऊ मिळतो, डोळे मिचकावत नाही कुणी, हे चांगलं, पण मागचं आभाळ पार पांढरंफटक जातं आणि ज्यांना ते सोनेरी ऊन वगैरे पाहिजे असतं त्यांना ते तिथे मिळायचं नाही. शिवाय वास्तू पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात, ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते.

पाताळेश्वरचंही तेच. आठव्या शतकातलं लेणं, भर जंगली महाराज रस्त्यावर असून आत शांत, तो गोल नंदीमंडप बघितला की फोटो काढावासा वाटतोच. पण काळा कातळ आहे, कॅमेरा एवढं काळं बघून समजतो अंधार आहे आणि उजेड वाढवून ठेवतो, मग चेहरे धुतल्यागत पांढरे. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला एकूण उजेड, मुद्दाम एक पायरी खाली आणावं लागतं. उलट नवरदेव पांढऱ्या झब्ब्यात पांढऱ्या भिंतीपुढे असेल तर वर न्यावं लागतं. पण मुख्य म्हणजे ते चालतं देऊळ आहे, तिथे आलेल्या माणसाला बाजूला हो म्हणायचा हक्क आपल्याला नाही, म्हणून मी ते यादीतूनच काढलं.

आगाखान पॅलेसबद्दल तर मला बोलायचंच होतं. त्या कमानी आणि ती हिरवळ बघून लोक तिथे जायचं ठरवतात, पण १९४२ मध्ये गांधीजींना तिथे स्थानबद्ध केलं होतं, महादेवभाई आणि कस्तुरबा दोघंही तिथेच गेले, दोघांच्या समाध्या त्याच आवारात आहेत. तिथे हृदयाच्या आकाराचे फुगे घेऊन उभं राहायचं म्हणजे, असो. ज्याने त्याने ठरवावं, मला ते जमणार नाही.

एम्प्रेस गार्डन आत्याला फार पसंत होतं, गाडी दारापर्यंत जाते म्हणून. तिथली जुनी झाडं खरंच प्रचंड आहेत, पण दाट झाडाखाली दोन अडचणी येतात, एक म्हणजे पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर ठिपके ठिपके करतात, आणि दुसरी म्हणजे खालची हिरवळ आणि वरची पानं मिळून कातडीवर हिरवट झाक मारतात, हनुवटीखाली तर हमखास. हळदीच्या रंगाच्या साडीवर ती झाक फारच वाईट दिसते. ह्याला उपाय सोपा आहे, झाडाच्या सावलीच्या अगदी कडेला उभं करायचं, तोंड मोकळ्या आभाळाकडे, म्हणजे सावली डोक्यावर आणि उजेड समोरून. पण तो उपाय कुठल्याही झाडाखाली चालतो, त्यासाठी तेवढ्या लांब जायला नको. शेवटी ठरली वेताळ टेकडी, घरापासून जवळ, आणि जवळ असण्याचा फायदा असा की वाटेल तेव्हा जाऊन बघता येतं.

आणि बघायला जायचं ते शूटच्याच वेळेला. हे मी ठळक अक्षरात छापा म्हणाले असते. सकाळी जाऊन जागा बघायची आणि संध्याकाळी शूट करायचं ह्याला काही अर्थ नाही, कारण संध्याकाळी ती जागा वेगळीच असते. सूर्यास्ताची वेळ शोधायला ॲप लागत नाही, तुमच्याच पेपरात पंचांगाच्या चौकोनात रोज छापून येते. डिसेंबरात पुण्यात सहाच्या आसपास, मे अखेरीस सात वाजून गेलेले असतात. पण तो सूर्यास्त क्षितिजावरचा, मध्ये डोंगर असला, बिल्डिंग असली की ऊन त्याच्या आधीच जातं. थंडीत धुरकं असलं तर शेवटची पंधरा-वीस मिनिटं सूर्याचा नुसता लाल गोळा होतो, दिसायला सुंदर, पण चेहऱ्यावर उजेड म्हणून काही पडत नाही. आणखी एक, सूर्य बरोब्बर पश्चिमेला मावळतो हे शाळेतलं. डिसेंबरात तो पुण्यातून पश्चिमेच्या चांगला पंचवीस अंश डावीकडे, म्हणजे नैर्ऋत्येच्या बाजूला बुडतो, आणि मे-जूनमध्ये तेवढाच उजवीकडे. त्यामुळे इन्स्टावर कुणीतरी मे महिन्यात टाकलेला फोटो, ज्यात सूर्य दोन झाडांच्या बरोबर मध्ये आहे, तो आपल्याला तिथेच उभं राहून डिसेंबरात मिळत नाही. बहिणीने मला असाच एक पाठवला होता, तिला झाडं दाखवून समजावलं.

यूट्यूबवर ते सगळे बाहेरचे लोक गोल्डन अवर, गोल्डन अवर करत असतात आणि त्यांचं ते ऊन संपतच नाही, कारण त्यांच्याकडे सूर्य तिरका तिरका जात बुडतो. आपल्याकडे तो बराच सरळ खाली उतरतो. बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत चांगला अंधार. म्हणजे मुख्य फोटोंसाठी हातात जेमतेम पाऊण तास, त्यात गजरा नीट करणे, "पाणी दे" आणि आत्याच्या सूचना, सगळं आलं. उन्हाळ्यात लग्न असणाऱ्यांचं तर अजून अवघड, मेच्या मध्यावर आणि परत जुलैच्या शेवटी पुण्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली गायब होते, आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबण्या दिसतात. त्या मानाने डिसेंबर बरा, भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून थंडीत सकाळी दहाला पण काम भागतं. मे महिन्यात नऊच्या आत उरका.

तर रेकीला, म्हणजे जागा आधी बघून यायला, आई-बाबांनाच घेऊन गेले, बाबा नवरदेव, आई नवरी. बाबांनी कानटोपी काढायला साफ नकार दिला. टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीच्या वरच्या अंगाला, काठापासून चांगलं लांब (काठावर कुणाला उभं करून फोटो मी काढणार नाही, रील गेलं खड्ड्यात, माणूस जायला नको), एक कातळाचा उतार आहे त्याच्यापुढे दोघांना उभं केलं. सूर्य पाठीमागून. मागे आभाळ आलं तर दोघं नुसते काळे दिसतात, पण तेच चार पावलं सरकवून मागे सावलीतला कातळ आणि झुडपं आणली की केसांच्या कडेने उन्हाची बारीक रेघ उमटते आणि पुढून फोमबोर्ड धरला की चेहरे उजळतात. आईच्या पांढऱ्या केसांना ती रेघ अशी काही आली की बाबा मोबाईलवर तोच फोटो मागून बसलेत.

तिथेच एफ १.८ चं भूत उतरलं. सगळे सांगतात मागचं धूसर पाहिजे तर लेन्स पूर्ण उघडी ठेव. दोन मीटरवरून ५० च्या लेन्सने एफ १.८ ला जेवढी खोली शार्प येते ती जेमतेम अकरा सेंटिमीटर, अर्धी वीत म्हणा. माणूस एक असेल तर ठीक, पण दोघं आहेत आणि एक दुसऱ्याच्या खांद्यामागे उभा आहे, की एकाचा डोळा शार्प आणि दुसऱ्याचा चेहरा लोण्याचा. एफ ४ ला तीच खोली वीतभर होते, दोघं मावतात. मागचं धूसर पाहिजे तर लेन्स बंद-उघड करत बसण्यापेक्षा दोघांना मागच्या झुडपांपासून लांब, दहा-पंधरा पावलं पुढे आणायचं, आपोआप होतं. शटरचा वेग दोघं उभे असताना १/२५० सेकंद, चालत असतील तर १/५००. सूर्य असेपर्यंत आयएसओ (कमी उजेडात वाढवायचा तो आकडा) १००-२०० पुरतो, मावळताना ४००, ८००, आणि १६०० च्या वर जायची वेळ आली की कॅमेरा पिशवीत घालून चहा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग ठरवणारं सेटिंग, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा त्या पिवळ्या उन्हाला आजार समजून बरा करायला जातो, म्हणून डेलाइटवर पक्का करून टाकायचा. आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेली कच्ची, म्हणजे काही कमीजास्त झालं तर घरी येऊन निस्तरता येतं.

त्याच दिवशी दोन गोष्टी अशा कळल्या ज्या कुठल्याच व्हिडिओत नव्हत्या. एक, बाबांच्या चष्म्यात अख्खं आभाळ दिसत होतं, आणि आमचे होणारे जावई पण चष्मेवाले. हनुवटी किंचित खाली घेतली किंवा चष्म्याच्या काड्या कानावर जराशा वर उचलल्या की काच खाली झुकते आणि आभाळ जातं, करून बघा. दोन, कुसळं. डिसेंबरात टेकडीवरचं गवत वाळून पिवळं होतं, फोटोत गव्हाच्या शेतागत दिसतं आणि सगळ्यांना त्यात बसायचं असतं, पण आईच्या साध्या कॉटनच्या साडीला पदरापासून निऱ्यांपर्यंत जी कुसळं लागली ती घरी येऊन वेचता वेचता रात्र झाली. रेशमी पैठणीत ती शिरली तर सूत ओढूनच बाहेर येतात. त्यामुळे पैठणी कातळावर आणि पायवाटेच्या मोकळ्या जागेवर, गवतात जायचंच असेल तर साधा ड्रेस, आणि बसायच्या जागी आधी जुनी चादर. बहिणीला हे सांगितलं तेव्हा तिने तिसरा ड्रेस स्वतःहून रद्द केला. मी तर म्हणते दोनच कपडे ठेवा. टेकडीवर बदलायला खोली नाही, टॉयलेट नाही, बायकांनी काय करायचं ह्याचा विचार ठरवणाऱ्या पुरुषमंडळींच्या डोक्यात येतच नाही. घरून नेसून यायचं, वरून शाल, पायात चढायला जुन्या चपला आणि फोटोपुरत्या मोजड्या पिशवीत. थंडीत मोगरा महाग आणि बारका मिळतो, शेवंती घ्या, तासाभरात मान टाकत नाही. सेफ्टीपिना, टिकल्यांचं पाकीट, तोंड टिपायला टिश्यू.

पण खरी तयारी त्या दोघांची. आमच्याकडे स्थळ मध्यस्थांमार्फत आलं, कांदेपोहे झाले, पसंती झाली, त्यानंतर दोघं मोजकंच भेटलेत. आणि आपण त्यांना म्हणणार कपाळाला कपाळ लावा! समोर आत्या उभी! माझे आई-बाबा लग्नाला इतकी वर्षं झालेले, त्यांना जवळ या म्हटलं तर मध्ये हातभर अंतर, आणि आई वर मलाच, "अजून जवळ कशाला, लोक बघतायत." म्हणून दोघांना आधी एफसी रोडवर कॉफीला बोलावलं, कॅमेरा बाहेर न काढता नुसत्या गप्पा. दिसलं असं की तो मुलगा उभा राहिला की एनसीसीच्या परेडमधल्या पोरासारखा ताठ होतो, पण बोलायला लागला की हातवारे करतो, आणि हात हलायला लागले की बहीण हसते. झालं की माझं काम! त्यांना पोझ द्यायचीच नाही, काम द्यायचं. शेंगांची पुडी घेऊन सोलत बसा. तिच्या पदराची पिन लाव. इथून त्या झाडापर्यंत चालत जा आणि तुझ्या होस्टेलच्या मेसबद्दल सांग हिला. बाकी माझं शटर चालू राहील. पंधरा-वीस फोटो काढून त्यांना आधी एक दाखवायचा, चांगला आलेला, म्हणजे खांदे उतरतात.

इन्स्टावरचे जे जे रील पाठवले होते त्यातलं काय मला येतं आणि काय नाही ते पण तिथेच सांगून टाकलं, माझे जुने फोटो दाखवून, म्हणजे नंतर तोंडं पडायला नकोत. उचलून घेतलेलं नाही, पाण्यात उभं राहिलेलं नाही. ड्रोन तर नाहीच, तो भावाच्या मित्राकडे आहे म्हणून सगळे मागे लागले होते. पण २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे आकाशाचे हिरवा, पिवळा, लाल असे भाग केलेत, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही, आणि पुण्याच्या एका अंगाला लोहगावचा हवाई दलाचा तळ, दुसऱ्या अंगाला खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए). आधी नकाशा बघा, मग बॅटरी चार्ज करा. रंगीत धुराबद्दल मी पूर्णपणे काकांच्या बाजूने. वाळक्या गवतात ठिणगी पडणारी वस्तू पेटवायची आणि वणवा लागला की वन खात्याच्या नावाने बोटं मोडायची, कुणाच्या घरचा न्याय आहे हा. धूर फोटोत दोन सेकंद बरा दिसतो, टेकडी काळी पडली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत काळीच राहते.

घरी आल्या आल्या दोन ठिकाणी कॉपी, लॅपटॉपवर आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती होईस्तोवर कार्ड पुसायचं नाही, मग आत्याने फोटोंसाठी कितीही फोन केले तरी. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, नाहीतर एवढं सगळं करून शेवटी फोटो चुरगळून पोचतात.

आता ज्याच्यासाठी खरं तर संपादकांना लिहितेय ते. जागा शोधत असताना मी एका बागेत गेले होते, नाव घेत नाही. गेटवरचे वॉचमन म्हणाले मोठा कॅमेरा चालणार नाही, मोबाईल चालेल. का, तर प्रोफेशनल. मी म्हटलं मी प्रोफेशनल नाही, तर म्हणाले लेन्स मोठी आहे. माझी ५० ची लेन्स मुठीत मावते हो! आत एकजण भल्यामोठ्या आयफोनवर गिंबल लावून चार लाइट घेऊन शूट करत होता, त्याला कुणी काही बोललं नाही कारण मोबाईल. बरं फी किती, कुठे भरायची, पावती कोण देतो, तर "साहेबांना विचारा", आणि साहेब कधी असतात तर सांगता येत नाही. वॉचमनचा ह्यात काही दोष नाही, त्यांना तरी कुणी काय लिहून दिलंय. पण हे पुणं आहे, इथे पाट्यांची काय कमी? बेल एकदाच वाजवावी इथपासून चपला कुठे काढाव्यात इथपर्यंत आपण पाट्या लावतो, मग बागेच्या गेटवर एक पाटी का नाही की कॅमेरा कुठला चालतो, ट्रायपॉड चालतो का, शूटची वेळ काय, फी किती, कुठल्या वाटा आणि हिरवळ फिरणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायची. फी घ्या, दोनशे-पाचशे काय असेल ते, बहुतेक लोक आनंदाने भरतील, आणि त्यातून कपडे बदलायला एक आडोसा आणि एक धड स्वच्छतागृह झालं तर नवरीकडची मंडळी दुवा देतील. बागेत सोय झाली की टेकडीवरची निम्मी गर्दी आपोआप खाली उतरेल, त्यात टेकडीवर फिरणाऱ्यांचाही फायदाच.

तुमच्या लग्नसराईच्या पुरवणीत दरवर्षी दागिने, मेंदी, हॉल, केटरर सगळं येतं, फोटोग्राफीच्या पानावर पण मोठ्या स्टुडिओंच्या थीम असतात, कुठला रंग चालू आहे वगैरे. ह्या वर्षी त्यातलं अर्धं पान ह्याला द्याल का? पुण्यातल्या बागा, वाडे, लेणी, टेकड्या, तिथे जायच्या वेळा, कुणाची परवानगी, किती पैसे, ट्रायपॉडचा नियम, जवळचं टॉयलेट. तुमचा वार्ताहर फोन करून विचारेल तर त्याला उत्तर मिळेल, मला गेटवरून परत पाठवतात. शनिवारच्या आत छापलंत तर उत्तम, नाहीतर तुळशीच्या लग्नानंतर पुढच्या वर्षी धाकटीचं आहेच, आत्याने आत्तापासून सांगून ठेवलंय.

कळावे,
आपली एक वाचक,
कोथरूड, पुणे